शस्त्रक्रियेपूर्वीचा रक्ताचा ताळेबंद

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय पाहावयास जाणारा मराठी प्रवासी ताडपत्रे आणि मोडी दफ्तरे पाहून हरखतो, जवळच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बोटाने वाचण्याचा प्रयत्न करतो आणि परततो. याच ग्रंथालयाच्या संग्रहात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांच्या काळातील हे कागद. २००३ साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. बद्रीनाथ आणि भोसले घराण्याचे वंशज यांच्या भेटीतून त्यांची वार्ता जगापुढे आली. राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करीत, असे या कागदांवरून मानले जाते.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि राजांकडे उरला तो तंजावूरचा किल्ला व भोवतालचा परिसर. राज्य गेले, पण विद्येचा कारभार वाढला. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. नेत्ररुग्णांच्या त्या कागदांचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची अवस्था काय होती आणि नंतर काय झाली, या दोन्ही बाजू त्यांत लिहिलेल्या आहेत. जमा आणि खर्च दोन्ही असल्याखेरीज खाते पुरे होत नाही, हे बँकेत काम करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

त्यानंतरच्या दोन शतकांत शल्यविद्येने डोळ्यापासून जठरापर्यंत मजल मारली. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून सुखरूप उठली, परंतु रोग पुन्हा उलटून सुमारे चार महिन्यांत तिचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि रुग्ण दीर्घकाळ जगणे या दोन निराळ्या बाबी आहेत, ही जाणीव त्या दिवसापासून शल्यविशारदांची पाठ सोडीत नाही.

तमिळनाडूच्या दृष्टीने हा विषय परका नाही. तंजावूरहून फार दूर नसलेल्या पुदुकोट्टै येथे जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी, धाकट्या बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू मनात ठेवून, १९५४ साली चेन्नईत अड्यारची कर्करोग संस्था उभी केली. चेन्नईतील रुग्णांची लोकसंख्यानिहाय नोंद १९८२ पासून ठेवली जाऊ लागली आणि पुरुषांमधील जठराच्या कर्करोगाने तेथे वरचा क्रमांक वर्षानुवर्षे राखल्याचे तिने दाखवून दिले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जंतू, तंबाखू आणि मिठात मुरविलेले पदार्थ ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. (तिखटावरही संशय घेतला गेला आहे, पण त्याविरुद्धचा पुरावा अद्याप पक्का झालेला नाही, हे तंजावुरी मराठी स्वयंपाकघरांचे समाधान!) सदर जंतू शोधणारे वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे हा रोग बहुधा उशिरा उमगतो. थोडे खाताच पोट भरणे, वजन उतरणे, काळी शौचास होणे ही लक्षणे ‘पित्त वाढले’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढली जातात. दुर्बिणीने जठर तपासून तुकडा काढला जातो, सीटी स्कॅन होतो आणि मग घरातील सर्वांच्या मनात असलेला प्रश्न कोणीतरी एक जण विचारतो: ऑपरेशन केल्यास किती दिवस मिळतील?

याचे सर्वांत भरवशाचे उत्तर रोगाच्या टप्प्यात असते. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत पसरली, अन्य अवयवांत पोहोचली काय, यावरून टप्पा ठरतो. अडचण अशी की यातील बराच भाग जठर काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच नक्की कळतो. निर्णय तर आधी घ्यावयाचा असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एरवीही होणाऱ्या रक्तचाचण्यांतून काही अंदाज बांधता येईल काय, याचा शोध गेली काही दशके जपान, कोरिया, चीन आणि युरोपातील संशोधक घेत आहेत.

या चाचण्यांत महागडे काही नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींची प्रकारवार गणना, अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन आणि दाह दर्शविणारे सीआरपी, इतकेच. कौशल्य आहे ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यात. उदाहरणादाखल एका कल्पित रुग्णाचा अहवाल घेऊ. न्यूट्रोफिल ५,६००, लिम्फोसाइट १,४००, अल्ब्युमिन ३.२. पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागले की ४ हे गुणोत्तर येते. कर्करोगाची गाठ शरीरात दाह पेटता ठेवते, त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात. गाठीशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट मात्र घटतात. साहजिकच गुणोत्तर जितके मोठे, तितका पुढील काळ कठीण, असे बहुसंख्य अभ्यासांत आढळले. दुसरा हिशेब जपानच्या ओनोडेरा यांनी १९८४ मध्ये मांडला. अल्ब्युमिनची दहापट करावी आणि तीत लिम्फोसाइटचा दोनशेवा भाग मिळवावा. येथे ३२ अधिक ७, म्हणजे ३९. ४५ च्या वर निर्धास्त, ४० च्या खाली शस्त्रक्रिया जोखमीची, असा त्यांचा मूळ निष्कर्ष होता. सीआरपी आणि अल्ब्युमिन यांच्यावरून शून्य, एक वा दोन गुण देणारी ग्लासगो येथील पद्धतही प्रसिद्ध आहे.

कर्जप्रस्तावाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यास हे सारे ओळखीचे वाटेल. चालू गुणोत्तर, कर्ज-भांडवल गुणोत्तर यांवरून तोही उद्योगाची प्रकृती जोखतो. त्या गुणोत्तरांचे दोषही येथे जसेच्या तसे लागू पडतात. ताळेबंद एका दिवसाचे चित्र असते. साधा ताप, दातातील पू, स्टेरॉइडची गोळी एवढ्यानेही पेशींचे गुणोत्तर चढते. क्षयरोग आणि जंत जेथे घरोघर आढळतात आणि जेथे अनेक स्त्रियांचे हिमोग्लोबिन कर्करोगावाचूनच खाली असते, तेथे जपानी मोजपट्टी जशीच्या तशी लावणे धाडसाचे. धोक्याची रेषा कोठे आखावी याविषयी अभ्यासकांतही एकमत नाही. कोणी २ म्हणतो, कोणी ५. आणि ३१ मार्चला ताळेबंद सजविण्याची युक्ती येथेही आहे. शिरेतून अल्ब्युमिन चढविले की अहवालातील आकडा सुधारतो, रुग्णाचे पोषण सुधारत नाही.

सर्वांत मोठी गफलत मात्र घरी होते. समान मानांकन असलेल्या शंभर कर्जदारांपैकी किती थकतील याचा अंदाज बँक बांधू शकते. त्यांतला नेमका कोण थकेल, हे मानांकन सांगत नाही. रक्ताचे गुणोत्तरही समूहाविषयी बोलते. असे असता ४ हा आकडा ऐकून ‘आता पैसा घालून काय उपयोग’ असा निष्कर्ष काढला गेला, तर एका समूहाच्या सरासरीने एका माणसाची शस्त्रक्रिया रद्द केली, असे होईल. नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून शस्त्रक्रिया नाकारावी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगत नाही.

या आकड्यांचा खरा उपयोग तयारीसाठी आहे. वजन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलेल्या किंवा अल्ब्युमिन ३ च्या खाली गेलेल्या रुग्णास सात ते चौदा दिवस नेटाने पोषण द्यावे, त्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली तरी हरकत नाही, असे युरोपीय आहारतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. अन्न गिळवत नसेल तर नळीने द्यावे. रक्ताल्पतेवर लोह, तंबाखू तत्काळ बंद, श्वासाचे व्यायाम सुरू. पुढे सरकलेल्या रोगात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रसायनोपचार देण्याचा लाभ २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत स्पष्ट दिसला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३ टक्के, तर दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. हे औषध सोसेल इतकी ताकद रुग्णात आहे काय, हे ठरविताना अल्ब्युमिन व हिमोग्लोबिन पुन्हा कामास येतात. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात, तेव्हा रक्ताची वही शस्त्रक्रियेनंतरही मिटत नाही. जुने अहवाल तारीखवार एकाच फाइलमध्ये लावून ठेवलेले असले, तर डॉक्टरांना आकड्यांची चाल दिसते. सुटा आकडा फारसे बोलत नाही.

खर्चाची तजवीजही याच आठवड्यांत करावी लागते. तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांच्या नावाची सर्वसमावेशक आरोग्य विमा योजना आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पात्रता रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच पाहून घ्यावी. मुदत ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज घेणे स्वस्त पडेल काय, हे शाखेत विचारावे. खाते एकट्याच्या नावे असल्यास नामनिर्देशन तपासावे आणि शक्य तर ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशी सूचना नोंदवावी. अंथरुणास खिळलेल्या ग्राहकास सही करणे अशक्य झाले, तरी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष घेतलेल्या अंगठ्यावर पैसे काढता येतात. त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, म्हणून शाखेस आदल्या दिवशी कळविले तर अधिकारी रुग्णालयात येण्याची वेळ ठरवता येते.