स्मृतिभ्रंशाच्या रोग्यास चालते-फिरते ठेवावे

घरातील वृद्ध माणूस विसरू लागले म्हणजे आपल्याकडे ती गोष्ट प्रथम हसण्यावारी नेण्यात येते. चष्मा कपाळावर असतो आणि आजी तो घरभर शोधीत असते. एकच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारते. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून मंडळी आपापल्या कामास लागतात. पुढे एके दिवशी ती बाजारच्या वाटेवरून परतत नाही, कोणी ओळखीचा माणूस तिला हाताला धरून घरी आणून सोडतो, आणि तेव्हापासून घराची रीत पालटते. तिला एकटीने बाहेर जाऊ देत नाहीत. मग विहिरीकडे नाही, मग चुलीपाशी नाही, मग अंगणातही नाही. गोव्यात बाल्कांवावरील खुर्ची आणि बेळगावकडे सोप्यातील खाट हेच तिचे जग होऊन बसते. हे सारे प्रेमापोटी घडते यात शंका नाही. परंतु वर्ष-दीड वर्षाने तिला उठविण्यास दोन माणसे लागू लागली म्हणजे ‘रोग फार वाढला’ असे आपण म्हणतो. त्या वाढीत खुर्चीचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या रोगास ज्यांचे नाव मिळाले ते आलोईस अल्झायमर हे जर्मन वैद्य होते. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री त्यांच्या देखरेखीखाली आली. १९०६ साली ती वारल्यानंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि पेशींच्या बाहेर साचलेले गोळे व पेशींच्या आत झालेली तंतूंची गुंतागुंत यांचे वर्णन त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत केले. हा रोग म्हणजे म्हातारचळ नव्हे की कोणाची करणी नव्हे, हे त्यावरून वाचकांच्या ध्यानी यावे. तो समूळ बरा करणारे औषध आजही हाती आलेले नाही. आपल्या देशात साठीपुढील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोक कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत अल्झायमरचा रोग हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय.

मग औषध नाही तर करावयाचे काय? येथे वैद्यकशास्त्र ‘पुनर्वसन’ हा शब्द वापरते. पुनर्वसन म्हटले की आपल्या वाचकांस धरणाखाली गेलेली गावे आठवतील. येथे त्याचा अर्थ इतकाच की, रोग्याजवळ जे सामर्थ्य शिल्लक आहे ते राखावयाचे, आणि त्याच्या बळावर त्यास होईल तितका काळ आपल्या हाताने जेवू द्यावयाचे, आपल्या पायाने न्हाणीघरापर्यंत जाऊ द्यावयाचे.

हे शक्य होते याचे कारण मेंदूच्या रचनेतच आहे. काल काय घडले, आत्ता कोण येऊन गेले, ही स्मृती ज्या भागांत साठविली जाते त्यांवर हा रोग प्रथम घाला घालतो. परंतु अंगवळणी पडलेल्या कामांची स्मृती मेंदूच्या दुसऱ्या भागांत असते आणि ती पुष्कळ काळ टिकते. नातवाचे नाव न आठवणारी आजी जपमाळेचे मणी ओढीत सबंध प्रार्थना अडखळल्यावाचून म्हणते, हे आजाऱ्यांस भेटावयास जाताना आम्ही अनेकदा पाहिले आहे. तांदूळ निवडणे, फुलांना पाणी घालणे, कपडे घडी करणे, जिना चढणे ही कामे त्याच जातीची होत. मात्र ती टिकण्यास एक अट आहे. स्नायूंचे बळ म्हातारपणी बसून राहिल्याने फार झपाट्याने जाते, आणि एकदा पाय लटपटू लागले म्हणजे ती कामे ठाऊक असूनही उपयोग नाही.

या बाबतीतला सर्वांत बोलका प्रयोग आमच्या मते फिनलंड देशातील आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या कैसू पिटकाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. अल्झायमरचे २१० रोगी त्यांनी निवडले. सगळे घरी राहणारे, आणि प्रत्येकाची शुश्रूषा करणारा तिचा पती किंवा त्याची पत्नी होती. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने तीन गट पाडले. एका गटाच्या घरी व्यायामोपचार करणारे जाणकार आठवड्यातून दोनदा तासभर येत. दुसरा गट आठवड्यातून दोनदा एका केंद्रात एकत्र जमे व तेथे तासभर व्यायाम करी. तिसऱ्यास नेहमीची सरकारी मदत तेवढी मिळे. असे पुरते एक वर्ष चालले. घरी जो व्यायाम होई तो त्या-त्या माणसाची अडचण पाहून ठरविलेला असे. कोणास खुर्चीतून उठणे जड जाई, कोणास जिना, कोणास बाहेर चालणे. त्याच गोष्टीचा सराव, आणि जोडीला तोल सांभाळणे व पायांचे बळ वाढविणे.

वर्षाअखेर रोग्यांची स्वावलंबनाची कुवत मोजली. ही मोजणी १८ बाबींवर होते: जेवणे, कपडे घालणे, आंघोळ, चालणे, जिना, बोलणे, समजणे इत्यादी, आणि पूर्ण स्वावलंबी माणसास १२६ गुण मिळतात. ज्यांना काहीच व्यायाम दिला नव्हता त्यांचे सरासरी १४.४ गुण घटले. केंद्रात जाणाऱ्यांचे १०.३, आणि घरी व्यायाम करणाऱ्यांचे केवळ ७.१. पडण्याचे प्रसंगही व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत कमी झाले. वाचकांनी नीट पाहावे: गुण सर्वांचेच घटले. रोग थांबला नाही. परंतु ज्या घरात व्यायाम होता तेथे घसरण निम्म्यावर आली, आणि एखाद्या सुनेस किंवा मुलीस विचारा, सासूबाई स्वतः उठून न्हाणीघरात जातात की नाही यात दिवसाचे किती अंतर पडते.

याउलट बातमीही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही बाजारातल्या ताईतवाल्यांच्या पंक्तीस बसू. २०१८ साली इंग्लंडमध्ये ४९४ रोग्यांवर केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे चार महिने बराच जोरकस व्यायाम करवून घेतला. शरीर सुधारले, परंतु बुद्धीची घसरण काही थांबली नाही, उलट किंचित अधिकच दिसली. डेन्मार्कमध्ये २०० रोग्यांवरील प्रयोगात (२०१६) स्मृती सुधारल्याचे एकंदरीत दिसले नाही, पण चिडचिड, उदासपणा, अस्वस्थता अशी लक्षणे कमी आढळली. तेव्हा व्यायामाने आठवण परत येईल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, पैसे तर मुळीच देऊ नयेत. व्यायाम पायांसाठी आहे, तोलासाठी आहे, झोपेसाठी व मनाच्या स्वास्थ्यासाठी आहे. एवढे काय कमी झाले?

आमच्या खेड्यांत घरोघर येणारा व्यायामोपचारी कोठून आणावयाचा, असे वाचक म्हणतील. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे लिंडा टेरी यांनी १५३ रोग्यांच्या कुटुंबीयांनाच शिकविले: रोग्याकडून व्यायाम कसा करून घ्यावा आणि त्याच्या विचित्र वागण्यास कसे तोंड द्यावे. २००३ साली त्यांनी कळविले की, या रोग्यांची हालचाल वाढली व खिन्नता कमी झाली. गोव्यातही डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत असाच गृहभेटींचा प्रयोग केला. तो व्यायामाचा नव्हता, शुश्रूषा करणाऱ्यांस आधार देण्याचा होता. भेटीस जाणाऱ्या व्यक्ती स्थानिकच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या होत्या. शुश्रूषा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य त्यामुळे सुधारले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे गावातील शहाणी माणसे हे काम शिकू शकतात.

आरंभी डॉक्टरांस एकदा विचारावे. हृदयविकार, रक्तदाब, गुडघ्यांचे दुखणे असल्यास विशेषच. मग पाठीची उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि तीवरून उठणे-बसणे पाचदा करवावे. काही दिवसांनी दहादा. ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे. अंगणातील फेऱ्या, पायांत घट्ट बसणाऱ्या चपला घालून, सपाता नकोत. रोज वेळ तीच व जागा तीच असावी. लांबलचक सूचना देऊ नयेत. ‘उठा’ एवढे म्हणून आपण स्वतः उठून दाखवावे, म्हणजे पाहून पाहून रोगी उठतो. जुने गाणे लावल्यास पाय आपोआप ताल धरतात. चालताना मात्र प्रश्न विचारू नयेत: चालणे व बोलणे ही दोन कामे एकदम त्यांस झेपत नाहीत, आणि बोलताना जो थबकतो तो पडण्याचा संभव अधिक, असे स्वीडनमधील वैद्यांनी १९९७ सालीच दाखविले आहे. छातीत कळ, दम किंवा घेरी आल्यास तत्क्षणी थांबावे. न्हाणीघरातील ओल, उंबऱ्याजवळचे पायपुसणे व रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त व्यायामाच्या आधी करावा.

आणि हे काम घरातील एकट्या बाईच्या गळ्यात पडू नये. सकाळच्या फेऱ्या मुलाने घालाव्यात, संध्याकाळच्या नातवाने. फिनलंडमध्ये सुद्धा शुश्रूषा करणारे बहुतेक स्वतःच म्हातारे होते.

संध्याकाळ ही या रोग्यांची कठीण वेळ. दिवे लागण्याच्या सुमारास पुष्कळांना हुरहुर लागते. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जावयाचे आहे’ असा हट्ट धरतात. ‘अहो, हेच तुमचे घर’ असा वाद घातल्यास हट्ट वाढतो. त्यापेक्षा ‘चला, जाऊ या’ म्हणावे, चपला द्याव्यात, हात धरावा, आणि उजेड आहे तोवर वाडीला एक वळसा घालून पुन्हा त्याच दारात यावे. बहुधा ती आपण होऊन उंबरा ओलांडते आणि विचारते, जेवण झाले का सगळ्यांचे.