मुलाला लायसन्स मिळाले, पण गाडीचा विमा पुरेसा आहे का?

अठरा पूर्ण झाली, आरटीओची टेस्ट पास झाली, लायसन्स घरी आले. आता अम्मीला दवाखान्यात नेणे, फुफूला स्टेशनवरून आणणे ही कामे मुलाकडे किंवा मुलीकडे येणार. चावी हातात देण्याआधी गाडीची पॉलिसी एकदा काढून वाचा.

नाव जोडावे लागते का?

ब्रिटनमधले नातेवाईक सांगतात की मुलाचे नाव पॉलिसीत घातले की प्रीमियम खूप वाढतो. आपल्याकडे तसे नाही. इथे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती ती चालवू शकते. थर्ड पार्टीचा प्रीमियमही इंजिनच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही.

मग अडचण कुठे आहे?

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो समोरच्याचे नुकसान भरून देतो. पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो, पण तो फक्त मालक-चालकासाठी. म्हणजे गाडी अब्बांच्या नावावर असेल तर तो अब्बांचाच. मुलगा चालवत असताना त्याला काही झाले, तर या 15 लाखांतला एक रुपयाही त्याच्यासाठी नाही.

तो थर्ड पार्टी म्हणून दावा करू शकेल का? चूक दुसऱ्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विम्याकडे मागता येते. पण आपल्याच गाडीच्या विम्याकडे मागणे कठीण. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा प्रकरणात म्हटले आहे.

म्हणून एजंटला स्पष्ट सांगा: मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघात कव्हर जोडून द्या. ‘पेड ड्रायव्हर’चे कव्हर घेऊन चालणार नाही, ते पगारी ड्रायव्हरसाठी असते. नाव जोडल्याची नोंद पॉलिसीच्या कागदावर आली का, हे स्वतः बघा.

नुसता थर्ड पार्टी की फुल इन्शुरन्स?

नुसत्या थर्ड पार्टीत आपल्या गाडीची दुरुस्ती मिळत नाही. शिवाय गाडीत बसलेल्या घरच्यांच्या भरपाईचाही प्रश्न येतो. फुल, म्हणजे पॅकेज पॉलिसीत प्रवाशांची जबाबदारी धरली जाते. नवीन हात स्टिअरिंगवर असताना, परवडत असेल तर पॅकेजच घ्यावी.

आणखी तीन गोष्टी

- झिरो डेप: बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर एरवी 50 टक्के घसारा कापतात. नवा चालक सगळ्यात आधी बंपरच घासतो. गाडी फार जुनी नसेल तर हे घ्या.
- नो क्लेम बोनस: सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. छोटा डेंट खिशातून भरणे पुष्कळदा स्वस्त पडते.
- व्हॉलंटरी डिडक्टिबल: प्रीमियम थोडा कमी होतो, पण दर क्लेमला तेवढी रक्कम आपण भरायची. पहिली एक-दोन वर्षे यापासून लांब राहा.

लायसन्स नसेल तर

शिकाऊ लायसन्सवर ‘एल’ची पाटी आणि शेजारी पक्के लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती हवीच. नाहीतर कंपनी क्लेम अडवू शकते.

आणि मूल अठराच्या आत असेल तर ईदच्या दिवशी गल्लीत एक चक्कर मारायलाही चावी देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कोणी जखमी झाले तर कंपनी त्यांना भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. ती लाखांतही जाऊ शकते.

रिन्यूअलची तारीख येईपर्यंत थांबू नका. मुलाच्या नावाचे कव्हर मध्येच जोडता येते का, हे आजच फोन करून विचारा.