इंग्रजीत प्रिपोझिशन एकटे येत नाही

इंग्रजी प्रिपोझिशनचे मराठी अर्थ पाठ करूनही विद्यार्थी चुकतो, कारण अर्थ एकट्या प्रिपोझिशनमध्ये नसतो. नामाशी जमलेल्या जोडीत असतो. ‘इन प्रिझन’ म्हणजे कैदी म्हणून तुरुंगात. ‘इन द प्रिझन’ म्हणजे त्या इमारतीत, मग तो भेटायला आलेला नातेवाईक का असेना. ‘ॲट स्कूल’, ‘इन बेड’, ‘ॲट चर्च’ यांतही ‘द’ गळला की नाम जागेपेक्षा तिथला नेहमीचा व्यवहार सांगते. वाहनांचेही तसेच: ‘बाय बस’ ही प्रवासाची रीत, तर ठरावीक बसमध्ये बसलेला माणूस ‘ऑन द बस’. मराठीत ‘तुरुंगात’ हे एकच रूप दोन्ही अर्थ पेलते आणि उरलेले काम संदर्भ करतो. म्हणूनच इंग्रजीतला हा भेद आपल्या नजरेतून निसटतो.

यावर कोणी म्हणेल, हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. दाखल झालेला रुग्ण ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकन इंग्रजीत ‘इन द हॉस्पिटल’. ऑफिस रोजच्या कामाचे ठिकाण असूनही ‘ॲट द ऑफिस’च म्हणतात. हे खरे आहे. पण त्याने नियम खोटा ठरत नाही. त्यात कोणती नामे बसतात हे रूढी ठरवते, एवढेच सिद्ध होते. अमेरिकेतही कैदी ‘इन प्रिझन’च असतो. तेव्हा शिक्षकांनी प्रिपोझिशनची सुटी यादी देऊ नये. नामासकट पूर्ण जोडी वाक्यातूनच शिकवावी.