शहामृगाच्या गावाहून सफारीला

चाळीसगावहून पाटणादेवीच्या दर्शनाला जाताना डोंगराच्या पायथ्याशी पाटणे गाव लागतं. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचंही हाती आली. होय, शहामृगाच्या! काहींचे मणी केलेले होते. आणि एका तुकड्यावर, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या त्या टरफलावर, सरळ रेघा ओढून त्यांच्यामध्ये तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी कोरलेली होती. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. म्हणजे तेव्हा गिरणेच्या खोऱ्यात शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यांवर नक्षी काढायची हौस असलेली माणसंही होती. भारतात इतरत्र सापडलेल्या अशाच जुन्या कवचांतून हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधनसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनए वेगळा केला आणि २०१७ साली जाहीर केलं, की ह्या पक्ष्याचं नातं थेट आफ्रिकेतल्या शहामृगाशी आहे.

म्हणून जळगाव-धुळ्याकडचं कोणी केनिया-टांझानियाच्या सफारीला निघालं, की सामानाची यादी हातात देण्याआधी मला हे पाटण्याचं टरफल सांगावंसं वाटतं. तिथली माती, तिथली बाभूळ, तिथलं जुनं धान्य खानदेशी माणसाच्या ओळखीचं आहे. आणि सफारीवाले जे नियम पाठ करून घेतात, त्यातल्या निम्म्यांची कारणं ह्या ओळखीच्या गोष्टींतच दडलेली आहेत.

पहिला प्रश्न, जायचं कधी? आपल्याला मोठी सुट्टी दोनदा मिळते, उन्हाळ्यात आणि दिवाळीत. पंचाईत अशी, की तिकडे मार्च ते मे हा मोठा पावसाळा आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा. आपल्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या पावसात सापडतात! पाऊस असला म्हणून काय बिघडलं, असं पुण्या-मुंबईचा माणूस विचारील. खानदेशातल्या शेतकऱ्याला विचारायची गरज नाही. मसाई माराच्या माळावर बरीचशी जमीन काळी, चिकण, भेगाळणारी आहे आणि तिकडचे इंजिनियरही तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हणतात. आपल्याकडची काळी माती दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाली, तिकडची त्यामानाने अगदी अलीकडच्या ज्वालामुखींतून. स्वभाव मात्र एकच. ह्या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात, उन्हात आकसतात आणि ओले असताना चाकाला असे चिकटतात, की चारही चाकांना जोर असलेली जीपसुद्धा जागच्या जागी फिरत राहते. एप्रिलमधली सहल स्वस्त का मिळते, ते एवढ्यावरून कळावं. मुलांची शाळा आड येत नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर गाठा. गणपतीच्या आधी परतता आलं तर उत्तमच.

आता ह्या दोन मोसमांत निवड कशी करायची? विल्डबीस्टवर. साधारण तेरा लाख विल्डबीस्ट (रेड्यासारखं दिसणारं हरीणच ते), सोबत दोनेक लाख झेब्रे, पावसाच्या मागे मागे वर्षभर सेरेंगेटी आणि मारा ह्या मुलखात गोल फिरत असतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते उत्तरेला असतात, तेव्हा मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. टीव्हीवर आपण पाहतो ते हे. पण मला विचाराल तर खरं नवल फेब्रुवारीत, सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एन्डुटूच्या आसपासच्या आखूड गवतात घडतं. तिथे दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. एवढी एकदम का? सिंह-तरसांचं पोट भरूनही बहुतेक वासरं उरावीत म्हणून. वासरू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं, लटपटतं, पडतं, पुन्हा उठतं आणि लवकरच आईच्या बरोबरीने धावू लागतं.

आणि नेमकं तिथेच का? कारण त्या माळाच्या पूर्वेला ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे, तो अजून जागा आहे. त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची राख हजारो वर्षं वाऱ्याने ह्या माळावर पसरत आली. राखेत कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, ते गवतात उतरतं आणि गवतातून दुधात. राखेचा खाली थिजून कडक थर झालाय, त्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत आणि माळ मोकळा राहतो. मोकळ्या माळावर सिंह लांबून दिसतो. म्हणजे बाळंतिणीचा खुराक आणि सुरक्षित जागा, दोन्हीची सोय ज्वालामुखीने करून ठेवली. गाडी थांबवून पायाखालचं गवत बघायला मिळालं (जिथे उतरायची परवानगी असते तिथेच), तर ते जरूर बघा. सिंह तर सगळेच बघतात.

कपड्यांचं. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून लोक नुसते सुती सदरे भरतात. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तसं ऊन तुम्हाला माराच्या माळावर भेटणार नाही. नैरोबीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे, टांझानियातल्या गोरोंगोरोच्या विवराचा काठ २,३०० मीटरच्या आसपास. जुलैच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, आणि दुपारी काढून ठेवता येतील असे थरावर थर, एवढं पुरे. रंग मातकट असू द्या, पण काळा आणि निळा टाळा. कारण त्से-त्से माशी ह्या दोन रंगांकडे झेपावते. तिला पकडायचे सापळेच मुळी निळ्या-काळ्या कापडाचे करतात. तिचा चावा जीन्समधूनही लागतो. झेब्र्याच्या पट्ट्यांवर चावऱ्या माश्यांना नीट उतरता येत नाही, असं प्रयोगांतून दिसलंय. म्हणजे ह्या बाबतीत झेब्रा आपल्यापेक्षा शहाणा.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी अंगणात उभं राहून उत्तरेकडे बघा. ध्रुवतारा दिसणार नाही. जळगावातून तो क्षितिजापासून सुमारे एकवीस अंशांवर असतो. मारा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, त्यामुळे तिथे तो क्षितिजाखाली गेलेला असतो. विषुववृत्तावर दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले असतात, हे भास्कराचार्यांनी तिकडे न जाताच, गणिताने सांगून ठेवलं होतं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख कुठे आहे? पाटण्यालाच. ह्याच विषुववृत्तापायी तिकडे दिवस-रात्र वर्षभर बारा-बारा तासांची असते आणि संधिप्रकाश भरभर ओसरतो. सहा-साडेसहानंतर फोटोच्या आशेवर राहू नका.

गाडीतलं वागणं हा सगळ्यात नाजूक विषय, आणि त्यात आपण मराठी मंडळी, स्पष्टच सांगायचं तर, कमी पडतो. डबे उघडणं, एकमेकांना हाका मारणं, “अरे तो बघ, तो बघ!” प्राण्यांना गाडी म्हणजे एक मोठी, निरुपद्रवी वस्तू म्हणून सवयीची झालेली असते. त्या आकारातून हात बाहेर आला, कुणी दार उघडलं, की आकार मोडतो आणि त्यातून माणूस वेगळा होतो. मग एक तर प्राणी पळतो, नाहीतर आपल्याला पळावं लागतं. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळतो, म्हणून पहाटे सहाला निघायचं. दहानंतर दिसेल ती त्याची झोप. ड्रायव्हर-गाइडला पहिल्याच दिवशी सांगून टाका, की आम्हाला घाई नाही, एका जागी तासभर थांबलात तरी चालेल. बहुतेकांना हे ऐकून बरं वाटतं, कारण एरवी त्यांच्यामागे ‘बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) दुपारपर्यंत दाखवा’ हा धोशा असतो.

आणि चित्त्याभोवती दहा गाड्यांचं कडं पडलेलं असेल तर आपली गाडी लांब ठेवायला सांगा. हे नुसतं सौजन्य नव्हे. चित्ता दिवसा शिकार करतो, गर्दीच्या वेळीच. मसाई मारातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त होती तिथे चित्त्याच्या मादीने दर वेताला सरासरी ०.२ पिल्लं वाढवली, वर्दळ कमी होती तिथे २.३. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणावे लागले. आपल्याला तरी ह्या आकड्यांचं मोल समजायला हवं.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी जेवण सगळ्या बऱ्या लॉजमध्ये मिळतं, चपाती तर तिथलीच झाली आहे. तरी घरची शेव आणि चिवडा बरोबर येणारच. ती प्लास्टिकच्या पिशवीत मात्र नको. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तीत मोठ्या दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे; टांझानियाने २०१९ साली तेच केलं. केनियाच्या अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचा डबा, स्टीलची बाटली न्या. गंमत म्हणजे आपण जी ज्वारी, बाजरी, नाचणी ‘आपली’ म्हणून मिरवतो, ती तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली आहेत. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंचवट्यावरची. चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली. कळण्याच्या भाकरीतली ज्वारी म्हणजे सफारीचा उलटा प्रवास.

कागदपत्रं थोडक्यात. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. ती ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. एकदा घेतली की जन्मभर चालते. पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा, कारण ते परत येताना आपलेच अधिकारी मागतात आणि नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या. लहान विमानाने माराला जाणार असाल तर सामान पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही.

राहता राहिली रंगीत तालीम. दुर्बीण (आठ बाय बेचाळीसची पुरते) विमानतळावर पहिल्यांदा गळ्यात अडकवणाऱ्याला ती लागते कुठे, इतकं कळेपर्यंत सफारी संपते. त्याआधी एक-दोन सकाळी गौताळ्याला घालवा. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर; गोरोंगोरोच्या विवराचा तळही जवळपास तेवढाच, भोवती सहाशे मीटर उंच भिंत आणि आत पंचवीस हजारांच्या आसपास मोठे प्राणी. आपल्याकडे तेवढ्याच जागेत ते का नाहीत, ह्याचं एक उत्तर अभयारण्याच्या नावातच आहे. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम पुढच्या दहा वर्षांत १९१ वाघांच्या मृत्यूच्या वेळी जातीने हजर होता. घाटाला त्याचं नाव, घाटावरून अभयारण्याला.

दुसरी तालीम यावलला, पालच्या बाजूच्या सातपुड्यात. इथे रानपिंगळा आहे. १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीने दिसला नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळातली एक नोंद १९१४ सालची, रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची. ती खोटी निघाली, संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून त्याने नवी चिठ्ठी लावली होती. हाच माइनर्ट्झहागेन केनियात नोकरीला होता आणि तिथल्या राक्षसी रानडुकराच्या शास्त्रीय नावात आजही तो बसलाय. सफारीत ते डुक्कर दिसलं तर ही गोष्ट गाइडला सांगा.

रानपिंगळा घुबड असूनही दिवसाउजेडी वावरतो. थंडीतल्या सकाळी सागाच्या, सालईच्या निष्पर्ण शेंड्यांवर उन्हाला बसतो आणि शेपटी झटकतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पन्नास पावलांवरून हा फरक तुमच्या दुर्बिणीत दिसला, तर दुर्बीण नीट लावता येऊ लागली असं समजा आणि तिकिटं काढा.