कोळशाकडून सूर्याकडे : महाराष्ट्रातील वीजसंक्रमणाचे अर्थकारण आणि राजकारण

प्रस्तावना

सन २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण स्थापित वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांव्यतिरिक्तच्या स्रोतांची झाली. पॅरिस कराराच्या अंतर्गत २०३० पर्यंत गाठावयाचे हे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच साध्य झाले, ही गोष्ट निःसंशय महत्त्वाची आहे. तथापि क्षमता आणि निर्मिती या दोन भिन्न बाबी होत. सूर्य रात्री नसतो आणि वारा बारमाही वाहत नाही. त्यामुळे देशात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशापासूनच मिळते.

सौर विजेची किंमत मात्र फार झपाट्याने उतरली. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१०-११ मधील पहिल्या लिलावात प्रति युनिट दहा रुपयांहून अधिक दर आले होते. राजस्थानातील भडला येथे मे २०१७ मध्ये तो २ रुपये ४४ पैसे झाला, तर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात १ रुपया ९९ पैसे इतका खाली गेला. जी वस्तू स्वस्त असते ती महाग वस्तूला बाजारातून हटविते, असे आपण वर्गात शिकवितो. मग विजेच्या बाबतीत हे तितक्या सहजतेने का घडत नाही? प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. संक्रमणाचा खरा प्रश्न नवी वीज किती स्वस्त आहे हा नसून जुन्या बांधिलकीचा भार कोणी वाहावयाचा हा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

किमतीचे दोन भाग

औष्णिक वीजखरेदी कराराचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न उलगडत नाही. अशा करारात किमतीचे दोन भाग असतात. पहिला स्थिर आकार. त्यातून भांडवल, व्याज, घसारा आणि नफा यांची भरपाई होते. दुसरा इंधन आकार. तो वापरलेल्या कोळशानुसार बदलतो. केंद्र वीज देण्यास सज्ज असेल तर वितरण कंपनीने ती घेतली काय किंवा न घेतली काय, स्थिर आकार द्यावाच लागतो. करार बहुधा २५ वर्षांचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औष्णिक वीज प्रति युनिट ४ रुपये ५० पैशांस पडते. त्यात दीड रुपया स्थिर आकार आणि ३ रुपये इंधन आकार आहे. सौर वीज २ रुपये ८० पैशांस मिळते. वरकरणी बचत १ रुपया ७० पैशांची दिसते. परंतु सौर वीज घेतल्यावरही दीड रुपया द्यावयाचाच आहे. त्यामुळे वाचतात ते केवळ इंधनाचे ३ रुपये, आणि खरी बचत होते २० पैशांची. केंद्र खाणीलगत असेल व त्याचा इंधन आकार २ रुपयेच असेल, तर सौर वीज घेणे वितरण कंपनीस तोट्याचे ठरते. जुनी, खाणीलगतची केंद्रे त्यांच्या प्रदूषणाविषयी कितीही तक्रारी झाल्या तरी टिकून राहतात, त्याचे एक प्रमुख कारण या हिशेबात आहे.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जुन्या कराराच्या जागी नवी सौर वीज आणणे महाग पडू शकते. वाढत्या मागणीसाठी नव्या औष्णिक कराराऐवजी सौर वीज घेणे मात्र स्वस्त पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणजेच आज कोणता करार केला जातो, यावर पुढील पंचवीस वर्षांचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

दाभोळचा धडा

दीर्घ मुदतीच्या कराराचे ओझे काय असते, हे महाराष्ट्राइतके अन्य राज्यांनी क्वचितच अनुभवले असेल. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. सत्तांतरानंतर १९९५ मध्ये तो रद्द करण्यात आला आणि पुढे फेरवाटाघाटी होऊन पुन्हा मान्य झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मे २००१ मध्ये तो बंद पडला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्या, आणि तोही डॉलरच्या दराशी निगडित, अशी त्या करारातील अट होती. तिचा बोजा राज्य वीज मंडळास पेलवला नाही.

हा इतिहास झाला असे म्हणून तो बाजूस सारता येत नाही. २०२४ मध्ये महावितरणने ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक अशा एकत्रित ६,६०० मेगावॅट विजेच्या दीर्घ मुदतीच्या खरेदीचा निर्णय घेतला. सायंकाळनंतरची मागणी भागविण्यासाठी औष्णिक विजेची आवश्यकता आहे, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच निराधार नाही. मात्र अशा करारातील औष्णिक भागाचा स्थिर आकार या शतकाच्या मध्यापर्यंत ग्राहकांच्या देयकात येत राहणार आहे. घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प पाणी वर चढवून वीज साठविण्याचे काम करीत आला आहे. साठवणुकीचा हा मार्ग आणि बॅटरीचे उतरते दर विचारात घेता, औष्णिक विजेचा नवा करार हा तांत्रिक निर्णयाइतकाच राजकीय निर्णयही ठरतो.

सवलत कशावर द्यावी?

नव्या ऊर्जेसही प्रारंभी शासनाचा आधार लागतो. पण तो कशावर दिला जातो यास महत्त्व आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काळात प्राप्तिकरात शंभर टक्के त्वरित घसाऱ्याची सवलत उपलब्ध होती. २००२ पासून ती ८० टक्के झाली. नफ्यावरील कर वाचविण्यासाठी अनेक कंपन्यांनी पवनचक्क्या घेतल्या. सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज निर्माण करण्यावर नव्हती. त्यामुळे पवनचक्की कार्यक्षमतेने फिरते की नाही, याविषयी गुंतवणूकदारास फारशी आस्था असण्याचे कारण उरले नाही. २००९ मध्ये निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटवर प्रोत्साहन देण्याची योजना आली, ती याच दोषावर उपाय म्हणून.

कोळशावरील कराची कथाही बोलकी आहे. २०१० मध्ये प्रति टन ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावण्यात आला. २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच हा महसूल राज्यांना द्यावयाच्या भरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर संपुष्टात आला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेला निधी वित्तीय तडजोडीत विरून गेला.

परस्पर-अनुदानाची गाठ

विजेच्या राजकारणाचे मर्म परस्पर-अनुदानात, म्हणजे क्रॉस सबसिडीत, आहे. औद्योगिक व व्यापारी ग्राहक पुरवठ्याच्या खर्चाहून अधिक दर देतात आणि त्यातून शेतीपंपांचा दर खाली ठेवला जातो. उर्वरित भार राज्य शासन अनुदानाद्वारे उचलते. वीज कायदा, २००३ ने मोठ्या ग्राहकांना अन्य पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा दिली. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली. कारखान्यांच्या छपरांवर सौर पट्ट्या येऊ लागल्या.

पर्यावरणाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. पण यातून बाहेर पडतो तो चांगले पैसे देणारा ग्राहक. मागे उरतात ते शेतकरी, लहान घरगुती ग्राहक आणि जुन्या करारांचे स्थिर आकार. तेवढाच खर्च कमी ग्राहकांवर वाटला जातो, दर वाढतात आणि आणखी काही ग्राहक बाहेर पडतात. वितरण कंपन्या छपरावरील सौर विजेस आडकाठी करतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तीत तथ्य असेलही. परंतु तिचे मूळ अधिकाऱ्यांच्या मनोवृत्तीपेक्षा या ताळेबंदात शोधावयास हवे.

दिवसाची वीज

या गाठीचे एक टोक सोडविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत दिसतो. शेतीच्या वीजवाहिन्या गावठाणापासून विलग असल्यास उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभारून त्यांना दिवसा वीज देता येते. २०२३ मधील योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे.

ही योजना अर्थशास्त्रीय दृष्ट्या सुज्ञ आहे, कारण ती ज्या विजेवर सर्वाधिक अनुदान द्यावे लागते तिचाच खर्च कमी करते. वीज निर्मितीच्या जागेजवळ वापरली जात असल्याने वहनातील गळतीही घटते. सामाजिक दृष्ट्या तिचे मोल अधिक आहे. चक्राकार पुरवठ्यामुळे थंडीच्या रात्री पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला सर्पदंशाचे आणि बिबट्याचे भय असते. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी हवामानबदलाच्या चर्चेतून आलेली नाही, ती बांधावरून आलेली आहे. येथे शेतकऱ्याची गरज, वितरण कंपनीचा हिशेब आणि पर्यावरणाचे हित हे तिन्ही एका दिशेस जातात.

अर्थात मर्यादाही आहेत. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज विनामूल्य करण्यात आली. वीज फुकट आणि दिवसा उपलब्ध, अशा स्थितीत भूजलाच्या उपशावर बंधन काय राहणार, याचे उत्तर ऊर्जा खात्याजवळ नाही. ते जलव्यवस्थापनातच शोधावे लागेल. दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याबाबत दाद मागताना मंत्रालयात विष प्राशन केले आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. ती जमीन सौर प्रकल्पासाठी होती. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून भूसंपादन आपोआप न्याय्य होत नाही.

कोळशाच्या जिल्ह्याचे काय?

संक्रमणाची दुसरी बाजू चंद्रपुरात दिसते. तेथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. कोळशाच्या मूल्यावर १४ टक्के स्वामित्वधन राज्यास मिळते. त्याच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. वाहनचालक, कंत्राटी कामगार, दुरुस्तीची दुकाने, खानावळी हे सारे या व्यवहारावर जगतात. भारतीय रेल्वेच्या मालवाहतुकीतही वजनाच्या दृष्टीने सुमारे निम्मा वाटा कोळशाचा आहे आणि प्रवासी भाडे कमी ठेवण्यास मालवाहतुकीचे उत्पन्न साह्यभूत होते. कोळसा हटला तर त्याचा परिणाम रेल्वेच्या तिकिटापर्यंत पोहोचतो.

नवे सौर प्रकल्प जेथे ऊन आणि मोकळी जमीन आहे तेथे उभे राहतात. ते चंद्रपुरातच येतील असे नाही, आणि उभारणीनंतर त्यांना मनुष्यबळही थोडेच लागते. जर्मनीत दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तीही कित्येक वर्षे आधी ठरलेल्या वेळापत्रकानुसार. २०२० च्या कायद्याने २०३८ पर्यंत कोळशावरील वीजनिर्मिती थांबविण्याचे ठरविताना कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत साह्याची तरतूद करण्यात आली. तितकी संपत्ती आपणाजवळ नाही हे खरे. परंतु वेळापत्रक आधी जाहीर करण्यास संपत्ती लागत नाही. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांसाठी असे कोणतेच वेळापत्रक नव्हते. त्याची किंमत गिरणगावाने मोजली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ऊर्जासंक्रमण हा स्रोतांच्या बदलाइतकाच भाराच्या फेरवाटपाचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. नवी मागणी शक्यतो अपारंपरिक स्रोतांतून व साठवणुकीतून भागवावी आणि औष्णिक विजेचे नवे दीर्घ करार करताना त्यांच्या स्थिर आकाराचा पूर्ण हिशेब जनतेसमोर ठेवावा. अनुदानाचा भार सर्वाधिक आहे तेथे, म्हणजे शेतीवाहिन्यांवर, सौर वीज प्रथम न्यावी. कोळसा जिल्ह्यांच्या भवितव्याचा आराखडा केंद्रे बंद होण्यापूर्वी तयार व्हावा. यांपैकी कोणतीही गोष्ट बाजारावर सोपवून होणारी नाही.

वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या सुनावण्या जाहीर असतात. तेथे उद्योगांचे प्रतिनिधी अभ्यासपूर्ण निवेदने घेऊन येतात. शेतकरी, कामगार आणि सामान्य ग्राहक यांची बाजू तितक्या तयारीने मांडली जाण्याची गरज आहे. अर्थशास्त्र, भूगोल व राज्यशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना येथे भरपूर काम आहे. आपल्या तालुक्यातील एका वीजवाहिनीचा हिशेब मांडण्यापासून त्याचा प्रारंभ करता येईल.