मोतीबिंदूच्या पलीकडे: नेत्रतज्ज्ञांच्या फेलोशिपचा मागोवा

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमएस किंवा डीएनबीची तीन. एवढं झालं की डोळ्यांच्या डॉक्टरनं पाटी लावायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याआधीच्या पिढीत तर मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा डीओएमएस केलेला डॉक्टर तालुक्याच्या गावी चष्म्याचे नंबर काढायचा, मोतीबिंदू काढायचा, डोळ्यात गेलेली ठिणगी काढायचा आणि त्यापुढचं काही आलं की ‘मुंबईला दाखवा’ असं चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आज एमएस झालेली तिशीतली मुलगी आणखी दीड-दोन वर्षं चेन्नईला, हैदराबादला नाहीतर पुण्यात फेलो म्हणून राबते, तेव्हा घरचे विचारतात, ‘अजून किती शिकायचं राहिलंय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळायचं तर कित्येक दशकं मागे जावं लागतं आणि सुरुवात थेट बॉस्टनपासून करावी लागते.

डोळ्याचा पडदा सुटला की माणूस आंधळा होणार, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ ठरलेलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनॅं यांनी दाखवून दिलं की पडद्याला पडलेलं छिद्र हे या दुखण्याचं मूळ आहे आणि ते छिद्र शोधून बंद केलं तर पडदा पुन्हा बसतो. पण छिद्र शोधायचं कसं? पडद्याच्या कडेपर्यंत नजर पोचवणारं साधन नव्हतं. ते घडवलं चार्ल्स शेपेन्स यांनी. हा माणूस मूळचा बेल्जियमचा. नाझींच्या ताब्यातल्या युरोपात त्यांनी भूमिगत चळवळीत काम केलं, तिथून निसटून लंडनला आले आणि युद्धाच्या धामधुमीत डोक्यावर बांधायचं, दोन्ही डोळ्यांनी बघता येणारं इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केलं. १९४७ मध्ये ते बॉस्टनला गेले. तिथल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीत त्यांनी केवळ पडद्याच्या रोगांसाठी वेगळा विभाग उभा केला आणि तिथे देशोदेशीचे तरुण डॉक्टर शिकायला येऊ लागले.

या शिक्षणाचा गाभा पुस्तकात नव्हता. आजही नाही. नव्या फेलोचे पहिले काही आठवडे कसे जातात ते बघा. रुग्ण आडवा झोपलेला, बाहुली थेंब घालून मोठी केलेली. डॉक्टरच्या कपाळावर दिवा, एका हातात वीस पॉवरचं भिंग, दुसऱ्या हातात पापणीवरून डोळा हलकेच दाबायचं बोथट धातूचं टोक. भिंगात दिसणारं चित्र वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. ते बघत बघत वर्तुळं छापलेल्या कागदावर पडद्याचा नकाशा काढायचा: जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा, छिद्र असेल तर निळ्या कडेत लाल. मग सर येतात, तोच डोळा स्वतः तपासतात, कागद बघतात आणि म्हणतात, ‘अकराच्या काट्यावरचं छिद्र कुठंय?’ फेलो पुन्हा वाकतो. छिद्र असतंच. हे शंभर वेळा झाल्याशिवाय नजर तयार होत नाही. तीन वर्षांच्या एमएसमध्ये मोतीबिंदू, काचबिंदू, तिरळेपणा, बाह्यरुग्ण विभाग, रात्रपाळ्या आणि परीक्षा सांभाळून ही नजर यावी अशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे. फेलोशिपची गरज इथून निर्माण होते.

याच शेपेन्स यांच्या हाताखाली शिकून एस. एस. बद्रीनाथ १९७० मध्ये मद्रासला परतले. योगायोग असा की त्याच सुमाराला मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातला चिकट द्रव यंत्रानं कापून बाहेर काढायची शस्त्रक्रिया यशस्वी केली. व्हिट्रेक्टॉमी म्हणतात ती हीच. तोपर्यंत डोळ्याच्या आतल्या त्या पोकळीत हात घालायचा नाही, असा दंडक होता. म्हणजे बद्रीनाथ परतले तेव्हा त्यांची शाखा नुकती कुठे आकार घेत होती. आधी काही वर्षं त्यांनी मद्रासमधल्याच रुग्णालयांत काम केलं आणि ६ सप्टेंबर १९७८ रोजी शंकर नेत्रालय सुरू केलं. पुढे त्यांनी तिथे फेलो घडवायला घेतले, हे मला त्यांच्या शस्त्रक्रियांहूनही मोठं वाटतं. उत्तम सर्जन त्या काळीही होते. आपली विद्या दुसऱ्याच्या हातात उतरावी म्हणून स्वतःच्या ऑपरेशनचा वेग मुद्दाम कमी करणारे मात्र थोडे होते. आज महाराष्ट्रात पडद्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अनेक ज्येष्ठांची गुरुपरंपरा चेन्नईला जाऊन पोचते. मुंबईत आदित्य ज्योत रुग्णालय उभारणारे डॉ. एस. नटराजन हे त्यातलं एक ठळक नाव.

मदुराईची गोष्ट वेगळ्या धाटणीची. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली होती, तरी त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करत. गरिबांचे मोतीबिंदू फुकट काढायचे, हा मूळ हेतू. पण त्यांच्या एक लक्षात आलं: शिबिरात येणाऱ्या दर शंभर माणसांत काही जण असे असतात, ज्यांचं दुखणं मोतीबिंदू नसतंच. त्यांना परत पाठवायचं का? मग घरातल्या घरातच, म्हणजे त्यांच्या कुटुंबातल्या डॉक्टरांमध्येच, शाखा वाटल्या गेल्या. नम्पेरुमालसामी पडद्याकडे वळले, विजयलक्ष्मी लहान मुलांच्या डोळ्यांकडे, श्रीनिवासन पारपटलाकडे, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाकडे. कुटुंबातले काही जण त्यासाठी अमेरिकेत जाऊन शिकून आले. जे तिकडे शिकले ते इकडे शिकवू लागले आणि रुग्णांची रीघ असल्यामुळे शिकणाऱ्याच्या वाट्याला केसेस भरपूर येऊ लागल्या. अमेरिकेत फेलोला जे दुखणं वर्षातून एकदा दिसेल ते मदुराईत आठवड्याला दिसतं. म्हणूनच पुढे प्रवाह उलटा झाला आणि परदेशातले डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले.

तिसरं नाव हैदराबादचं. गुल्लापल्ली नागेश्वर राव अमेरिकेतलं पारपटलाचं प्रतिष्ठित काम सोडून परतले आणि १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू झाली. चित्रपट क्षेत्रातल्या प्रसाद कुटुंबानं जमीन आणि पैसा दिला. पारपटल बदलायचं तर नेत्रदान हवं, नेत्रदानासाठी नेत्रपेढी हवी, पेढीसाठी रुग्णालयांत नातेवाइकांशी बोलणारी माणसं हवीत. ही सगळी साखळी त्यांनी एकत्र बांधली. १९८९ मध्ये तिथे नेत्रपेढी आली. तिथल्या फेलोला टाके घालण्याबरोबर हेही शिकायला मिळालं की दान झालेलं पारपटल सर्जनच्या टेबलावर पोचेपर्यंत किती हातांतून जातं.

१९९० नंतर चित्र झपाट्यानं बदललं. फेको मशीन आलं, घडी घालता येणारी लेन्स आली, आणि मोतीबिंदू शिकायलासुद्धा स्वतंत्र फेलोशिप लागू लागली. ओसीटी नावाचं तंत्र १९९१ मध्ये जगापुढे आलं आणि पुढे त्यामुळे पडद्याचे थर सुरी न लावता दिसू लागले. २००५ च्या आसपास डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. मधुमेहानं आणि वयानं खराब झालेला पडदा त्यांनी सावरू लागला आणि एकट्या पडद्याच्याच दोन वाटा झाल्या: ऑपरेशन करणाऱ्यांची आणि औषधोपचार करणाऱ्यांची. शस्त्रक्रियेची छिद्रंही बारीक झाली, टाके गेले. काचबिंदू, तिरळेपणा, पापण्या आणि डोळ्याची खोबण, डोळ्याचा कर्करोग, डोळ्याची नस असे बाकीचे रस्तेही तोवर वेगळे झाले होते.

महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय, जालन्यात श्री गणपती नेत्रालय अशा संस्था मोठ्या झाल्या, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं फेलोशिप अभ्यासक्रमांना आपल्या छत्राखाली घेतलं. जालन्यासारख्या गावात एवढं मोठं नेत्र रुग्णालय उभं राहावं, ही मराठवाड्यानं अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

एका शाखेबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. कमी दिवसांच्या बाळाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जातो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. या दुखण्याला आरओपी म्हणतात. आपल्याकडे नवजात अतिदक्षता कक्ष वाढले, पूर्वी दगावणारी बाळं वाचू लागली आणि त्याबरोबर हा धोकाही वाढला. नियम सोपा आहे: दोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत डोळे तपासायचे. अगदीच लहान बाळ असेल तर त्याहूनही लवकर. तपासणी मात्र सोपी नाही. मुठीएवढं डोकं, करंगळीच्या नखाएवढी पापणी, ती उघडी धरायला इवलीशी तार, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब, शेजारी नर्सची नजर श्वासाच्या आकड्यावर. लेसर लागणार असं दिसलं तर हातात दोन-तीन दिवसच असतात. हे काम एमएसच्या तीन वर्षांत कुणाला फारसं करायला मिळत नाही. फेलोशिपमध्ये मिळतं, तेही चांगल्या ठिकाणी.

१९९६ मध्ये चेन्नईतल्या एका सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झालीच नाही. तिची दृष्टी गेली. आईवडील जवळजवळ दोन दशकं लढले आणि १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई दिली. त्या निकालानंतर देशभरचे बालरोगतज्ज्ञ जागे झाले. पण बालरोगतज्ज्ञानं चिठ्ठी दिली तरी बाळाला न्यायचं कुठे? बंगळूरुच्या नारायण नेत्रालयानं २००८ पासून यावर एक वाट काढली आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कक्षांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि दूर बसलेले तज्ज्ञ ते वाचतात. कर्नाटकाला जे जमलं ते आपल्याला न जमण्यासारखं काही नाही. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या बाळाला पुण्या-नागपूरची वाट धरावी लागू नये.

मग आला २०२१ चा मे महिना. कोविडची दुसरी लाट, भरमसाट स्टेरॉइड, आधीच बेफाम झालेली साखर आणि त्यातून म्युकरमायकोसिस. महाराष्ट्रानं त्या बुरशीचा मोठा तडाखा सोसला. नाकातून खोबणीत आणि खोबणीतून मेंदूकडे निघालेली बुरशी थोपवण्यासाठी कुणाचा डोळा काढावा लागेल आणि कुणाचा वाचवता येईल, हा निर्णय रातोरात घ्यावा लागत होता. खोबणीची शस्त्रक्रिया शिकलेले ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर आधीच मोजके. एरवी पापण्या उचलणारी शाखा म्हणून हिच्याकडे बघितलं जाई. त्या काही महिन्यांत फेलोंनी जे पाहिलं आणि केलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात बसणारं नव्हतं. देशभरातल्या डॉक्टरांनी मिळून २,८२६ रुग्णांची माहिती एकत्र करून त्याच वर्षी प्रसिद्ध केली. एवढ्या धावपळीत नोंदी ठेवल्या गेल्या, ही शिस्तही प्रशिक्षणातूनच येते.

एवढं सगळं कमावल्यावर एक दुखणं सांगायलाच हवं. हृदयरोगाला डीएम आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेला एमसीएच आहे. नेत्रशास्त्रात अशी रूढ वाट झाली नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी आहे, विद्यापीठाच्या फेलोशिप आहेत, पण बाकी बहुतेक कारभार ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर. कुठे दोन वर्षं, कुठे एक, कुठे सहा महिने. नाव एकच, फेलोशिप. एका ठिकाणी फेलो स्वतःच्या हातानं शेकडो ऑपरेशनं करून बाहेर पडतो, दुसऱ्या ठिकाणी वर्षभर ओपीडी सांभाळतो, इंजेक्शनं देतो, सरांच्या मायक्रोस्कोपच्या शेजारच्या नळीतून बघत बसतो आणि हातात प्रमाणपत्र पडतं. प्रमाणपत्राच्या कागदावरून हा फरक रुग्णाला कळत नाही. अशा ठिकाणी फेलो म्हणजे स्वस्तात मिळालेला डॉक्टर, एवढाच अर्थ उरतो, आणि हे मला अत्यंत अन्यायाचं वाटतं. अन्याय फेलोवर आहेच. उद्या त्याच्या टेबलावर झोपणाऱ्या माणसावर त्याहून मोठा आहे.

उपाय अवघड नाही. फेलो घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं मागच्या वर्षीच्या फेलोंनी मुख्य सर्जन म्हणून किती आणि कोणती ऑपरेशनं केली, हा आकडा उघडपणे जाहीर करावा. विद्यापीठानं आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तो मागावा आणि तपासावा. राज्य सरकारनं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालनेत्र आणि पडद्याच्या फेलोशिपच्या जागा वाढवाव्यात आणि शिकून तयार झालेल्यांना जिल्हा रुग्णालयात यंत्रांसह नेमावं. नुसता बाँड लिहून घेतला आणि लेसर दिलं नाही, तर तो डॉक्टर तिथे बसून चष्म्याचे नंबरच काढणार.

आणि यंदा एमएस होऊन फेलोशिपचे अर्ज भरणाऱ्यांना एक सांगणं. संस्थेचं नाव बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथून गेल्या एक-दोन वर्षांत बाहेर पडलेल्या फेलोंना फोन करा आणि मुख्य सर्जनच्या खुर्चीत ते पहिल्यांदा कधी बसले, तेव्हा शेजारी कोण होतं आणि अडलं तेव्हा त्यांनी हात कसा धरला, हे विचारा. मगच अर्ज करा.