कुलूप कोणाचें आणि किल्ली कोणापाशीं?

गेल्या वर्षीं पहिल्या सत्रांतील पालकसभा आटोपल्यावर आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांतून आलेल्या एक बाई आमच्या वर्गाच्या दाराशीं थांबून राहिल्या. त्यांच्या घरीं मोबाईल एकच. त्यावर वडील मंचरच्या बाजाराचा भाव पाहतात, भाऊ गाणीं ऐकतो व मुलगी अभ्यास करते. मुलीच्या अंगावर कांहीं त्वचेचा विकार उठला होता. कोणास विचारावयाची लाज, म्हणून तिनें तें फोनलाच विचारलें. पुढें आठ दिवस त्याच विकाराच्या मलमांच्या जाहिराती वडिलांच्या व भावाच्या डोळ्यांपुढें नाचूं लागल्या. “तेव्हांपासून पोरगी फोनला हात लावीत नाही, अन् दुखणंही कुणाला दाखवीत नाही,” बाई म्हणाल्या. आतां त्याच फोनवर एका बलाढ्य कंपनीची सूचना येत होती कीं, तुम्ही काय पाहतां तें आम्ही गुप्त राखूं, पैसा पडणार नाहीं. “गुरुजी, कंपनी तर जगांत मोठी. तिच्यावर भरंवसा ठेवूं का?”

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. मुलीस प्रथम डॉक्टरांकडे न्यावें एवढेंच आम्ही सांगितलें. पुढें या विषयाचा जो थोडा अभ्यास घडला, तो विद्यार्थिमित्रांपुढें व पालकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. कारण हा प्रश्न त्या एका घराचा नव्हे.

विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेव ठेवण्याची रीत आपल्या या प्रांतास नवी नाहीं. नाणेघाटांतून माल घेऊन येणारा व्यापारी जुन्नरास उतरत असे, त्या काळीं येथील कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे संघ, लोकांच्या ठेवी सांभाळीत. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींपाशीं दानाची रक्कम गुंतविल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख तर याहूनही स्पष्ट आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभींच्या या लेखांत ३,००० कार्षापणांची ठेव सांगितली आहे. पैकीं २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, आणि १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें ठेविलीं. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज भिक्षूंच्या उपयोगास लावावयाचें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, श्रेणी मोठी व नामांकित आहे एवढ्यावर दाता थांबला नाहीं. काय ठेविलें, कोणापाशीं ठेविलें व कोणत्या अटीवर ठेविलें, हें त्यानें सर्वांस वाचतां येईल असें दगडावर कोरविलें. आजच्या कंपन्यांच्या बाबतींतही हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

कांहीं जण म्हणतात, “ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यास लपवावयाचें तें काय?” हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आपण पत्र पाकिटांत घालून चिकटवितों, तें पत्रांत गुन्हा असतो म्हणून नव्हे. त्या मुलीचें दुखणें हा गुन्हा नव्हता. परंतु तें कोणास सांगावें हें ठरविण्याचा अधिकार तिचा होता व तो तिच्या हातून गेला. हा अधिकार म्हणजेच खाजगीपण. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खाजगीपण हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे.

आतां फोनवरील व्यवहार कसा चालतो तें पाहूं. आपण एखादें संकेतस्थळ उघडतों तेव्हां ती मागणी मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यांतून पुढें जाते. आज बहुतेक संकेतस्थळें मजकूर कुलूपबंद करूनच पाठवितात, त्यामुळें मधल्या कंपनीस आंतील मजकूर वाचतां येत नाहीं. मात्र आपण कोणाच्या दारीं गेलों हें तिला सहसा कळतें. ज्या दारीं जातों तो घरधनी तर आपणांस पाहतोच, आणि त्याच्या ओट्यावर जाहिरातवाल्यांचे हेरही बसलेले असतात.

यावर उपाय म्हणून ज्या सोयी देऊं करतात, त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार ‘व्हीपीएन’ या नांवाचा. यांत आपली सर्व मागणी बंद थैलींतून प्रथम त्या सेवेच्या कचेरींत जाते व तेथून पुढें निघते. मोबाईल कंपनीस आतां कांहीं दिसत नाहीं हें खरें; परंतु जें तिला दिसत होतें तें आतां व्हीपीएन चालविणारास दिसूं लागतें. म्हणजे पहारेकरी गेला नाहीं, बदलला. दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपसारख्या निरोपांच्या कुलुपाचा. सन २०१६ पासून तेथील निरोप पाठविणाराच्या फोनवर बंद होतो व घेणाराच्या फोनवरच उघडतो. वाटेंत कंपनीसही तो वाचतां येत नाहीं. परंतु थैली नेणाऱ्या जासुदास आंतील पत्र वाचतां आलें नाहीं, तरी कोणाचें पत्र, कोणास, केव्हां व किती वेळां, एवढें ठाऊक असतेंच. तिसरा प्रकार ‘इन्कॉग्निटो’ नामक खिडकीचा. ही बंद केली म्हणजे आपण काय पाहिलें त्याची नोंद त्या फोनवर राहत नाहीं, इतकेंच. घरांतल्या माणसांपासून ती थोडा आडोसा करते, बाहेरच्यांपासून नव्हे.

या तिसऱ्या प्रकाराविषयीं गैरसमज इतका पसरला होता कीं, सन २०२० मध्यें अमेरिकेंत गुगलवर दावा झाला. लोकांस आपण अदृश्य आहों असें वाटत असतां कंपनी माहिती गोळा करीतच होती, असें वादींचें म्हणणें होतें. सन २०२४ मध्यें तडजोड होऊन, साठविलेल्या अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें गुगलनें कबूल केलें.

व्हीपीएनचा दाखला याहून बोधप्रद आहे. फेसबुकनें सन २०१३ मध्यें ओनाव्हो नांवाची एक इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचें ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हें फुकट साधन लोकांस सांगे कीं, आम्ही तुमची माहिती सुरक्षित राखतों. लोक विश्वासानें आपली सर्व रहदारी त्यांतून नेऊं लागले. आणि कोणतें अ‍ॅप किती लोक किती वेळ वापरतात, ही माहिती फेसबुकास मिळूं लागली. व्हॉट्सअ‍ॅप किती झपाट्यानें वाढत आहे हें दाखविणारीं ओनाव्होचीं कोष्टकें पुढें ब्रिटिश पार्लमेंटनें डिसेंबर २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत होतीं. आणि व्हॉट्सअ‍ॅप तर फेसबुकनें सन २०१४ मध्येंच विकत घेतलें होतें. ऑगस्ट २०१८ मध्यें ॲपलच्या आक्षेपामुळें हें साधन तिच्या दुकानांतून निघालें, सन २०१९ मध्यें तें बंद झालें, आणि जुलै २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांस मिळून दोन कोटि ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कुलूप विकणारानेंच किल्लीची प्रत आपल्यापाशीं ठेविली, असा हा प्रकार होता.

एवढ्यावरून सर्व मोठ्या कंपन्या लबाड व लहान कंपन्या प्रामाणिक असें कोणी अनुमान काढील तर तेंही चुकेल. संगणकाचे रोग हटविणारी अव्हास्ट ही कंपनी गुगलच्या मानानें लहानच. तिनें आपल्याच ग्राहकांच्या भ्रमंतीची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानें फेब्रुवारी २०२४ मध्यें तिच्यावर एक कोटि पासष्ट लक्ष डॉलर भरण्याचा आदेश काढला. उलट, चोरापासून पत्रपेटी राखण्याचें काम मोठ्या कंपन्या पुष्कळदां चांगलें करतात. त्यांच्यापाशीं कुशल माणसें आहेत व साधनें आहेत. म्हणून प्रश्न कंपनी लहान कीं मोठी हा नसून, कोणत्या कामीं विश्वास ठेवावयाचा हा आहे.

आमच्या मतें विश्वासाचे तीन भाग करावे. पहिला भाग सामर्थ्याचा: हिला कुलूप नीट करतां येतें काय? मोठ्या कंपन्यांस बहुधा येतें. दुसरा भाग स्वार्थाचा: हिचें पोट कशावर चालतें? सन २०२३ मध्यें गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या उत्पन्नापैकीं शेंकडा सुमारें ७७ जाहिरातींचें होतें. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिचें शेंकडा ९७ हून अधिक. जिचें पीक आपल्या माहितीच्या शेतांत उगवतें, तिनें त्याच शेताची राखण करूं म्हटलें, तर कुंपण कोणत्या बाजूनें घातलें आहे हें पाहिलें पाहिजे. ॲपलचें उत्पन्न मुख्यत्वें यंत्रांच्या विक्रीचें, म्हणून तिचा स्वार्थ निराळा. तथापि तिच्या यंत्रांत गुगलचा शोध प्रथमस्थानीं ठेवण्याबद्दल सन २०२२ मध्यें गुगलनें तिला सुमारें २,००० कोटि डॉलर दिले, असें अमेरिकेंतील खटल्यांत उघड झालें. तिसरा भाग सक्तीचा: सरकारनें हुकूम केला तर कंपनी काय करील? सन २०२५ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर ॲपलनें आपली सर्वांत कडक कुलुपाची सोय त्या देशांतील ग्राहकांपुरती मागें घेतली. आपल्या देशांत २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें व्हीपीएन चालविणारांस ग्राहकांची माहिती पांच वर्षें जपून ठेवणें भाग झालें, तेव्हां कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपलीं यंत्रें येथून हलविलीं.

आणखी एक गोष्ट. फुकट मिळालेली सोय काढून घेण्यास कंपनीस आपली संमति लागत नाहीं. गुगलनें जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकापासून आरंभ करून पुष्कळ रेल्वे स्थानकांवर फुकट इंटरनेट दिलें, व सन २०२० मध्यें तें आंवरतें घेतलें. तिचें सन २०२० मध्यें निघालेलें व्हीपीएन सन २०२४ मध्यें बंद झालें. यांत फसवणूक नाहीं. पण दुसऱ्याच्या दारावरचें कुलूप आपलें म्हणूं नये, एवढा धडा आहे.

मग विश्वास ठेवण्याजोगी रचना असते तरी कशी? आमच्या समजुतीप्रमाणें ती अशी असावी कीं, मालकाच्या मनांत आलें तरी त्यास पाहतां येऊं नये. ॲपलनें सन २०२१ मध्यें काढलेल्या एका सशुल्क सोयींत दोन जासुदांची योजना आहे. पहिला जासूद ॲपलचा. त्यास पत्र कोणाचें हें ठाऊक, पण कोठें जावयाचें हें ठाऊक नाहीं. दुसरा निराळ्या कंपनीचा. त्यास मुक्काम ठाऊक, धनी ठाऊक नाहीं. दोघे संगनमत करीत नाहींत तोंवर पूर्ण गोष्ट कोणा एकास कळत नाहीं. येथें आपण मालकाच्या सद्‌गुणावर कमी व रचनेवर अधिक विसंबतों. हीच कसोटी इतरांसही लावावी.

कायदाही हळूहळू मदतीस येत आहे. सन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळून घेतलेली संमति आवश्यक केली असून, मुलांवर पाळत ठेवून त्यांस लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. दंडाची मर्यादा २५० कोटि रुपयांपर्यंत आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व मुख्य कर्तव्यांच्या पालनास तेथून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. परंतु संमतीचा दाब जर न वाचतां दाबला, तर कायदा तरी काय करणार? त्या दाबापुढें बसलेला पालक हाच पहिला न्यायाधीश होय.

आतां त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. ती फुकट सोय घेऊं नये, असें आम्ही त्यांस कळविलें. कारण ती देणारी कंपनी स्वतःच जाहिरातींवर जगणारी होती, आणि त्यांच्या घरची अडचण मोबाईल कंपनीच्या नजरेची नसून जाहिरातींची होती. त्याऐवजीं तीन गोष्टी सांगितल्या, व त्यांस पैसा लागत नाहीं. फोनच्या व्यवस्थेंत जाऊन आवडीनुसार जाहिराती दाखविणें बंद करावें व मागील शोधांची नोंद पुसावी. ज्या अ‍ॅपास ठावठिकाणा, छायाचित्रें अगर ओळखीच्या लोकांचीं नांवें लागत नाहींत, त्याची ती परवानगी काढून घ्यावी. आणि घरांतील प्रत्येकानें दुसऱ्याच्या शोधाकडे कानाडोळा करावा. मुलीस आपल्या प्रकृतीविषयीं विचारण्याची मोकळीक असावी. या तिसऱ्या गोष्टीचें अ‍ॅप कोणत्याही कंपनीपाशीं नाहीं.

आमच्या स्वतःच्या हातूनही या बाबतींत चूक झाली आहे, ती येथें सांगणें योग्य होईल. दोन वर्षांपूर्वीं सहलीच्या वेळीं लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर काढलेलीं वर्गाचीं छायाचित्रें, मुलांच्या नांवांसह, एका फुकट कोठारांत आम्हीच ठेविलीं, आणि एकाही पालकास विचारलें नाहीं. ज्या डोंगरांत ठेवीच्या अटी कोरण्याची परंपरा, त्याच डोंगरावर आम्ही बिनअटीची ठेव ठेविली. आतां तीं नांवें आम्ही काढून टाकिलीं आहेत, व यंदापासून सहलीच्या परवानगीच्या कागदावर छायाचित्रांविषयीं एक निराळी ओळ घातली आहे. पालकांनीं ती वाचून मगच सही करावी, आणि नको असल्यास निःसंकोचपणें ‘नको’ असें लिहावें.